सोनारीच्या कामावर तुम्ही जे सांगितलंत

अण्णा,

परवा सोनारीहून टबवाल्या काकूंचा फोन आला. "अण्णा कसे हायेत गं? लई दिवस झाले, आले न्हाईत," एवढं विचारून त्या थांबल्या. तुम्हाला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. भावकीत, गल्लीत, कारखान्यातल्या तुमच्या जुन्या सोबत्यांना, सगळ्यांना कळवलं होतं. काकू तेवढ्या राहून गेल्या. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "टबात उतरायच्या आधी मी त्या पेटीकडं बघती. बघून बसत जा म्हणलं हुतं त्यांनी."

फोन ठेवला आणि वाटलं, तुमच्याशी बोलायला पाहिजे. घरात माणसं होती तोवर मला बोलायला उसंत नव्हती आणि रडायलाही. आता पाहुणे गेले, सतरंज्या धुवून वाळवून परत दिल्या. दुपारचं घर रिकामं असतं.

तुमची माझी ओळख एका प्रश्नानं झाली, आठवतं? परंड्याजवळच्या आमच्या वस्तीवर तुम्ही तुमच्या दिलीपसाठी मला बघायला आला होता. बरोबरच्या मामांनी स्वयंपाक येतो का, शिवणकाम येतं का, सगळं विचारून घेतलं. तुम्ही कोपऱ्यात बसून माझं आयटीआयचं सर्टिफिकेट वाचत होता. वीजतंत्रीच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. ते सर्टिफिकेट दाखवू नका, असं आईनं बजावलं होतं, पण वडिलांनी तेच सगळ्यात वर काढून ठेवलेलं. तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ कशाला घालत्यात?" मी म्हणाले, मातीत ओल धरून राहावी, करंटला जमिनीत जायला सोपं व्हावं म्हणून. तुम्ही सर्टिफिकेटची नीट घडी घातलीत आणि दिलीपला म्हणालात, "मला पसंत हाय. तुझं तू बघ."

मुलं शाळेत जायला लागली तेव्हा तुम्हीच एका सकाळी तुमची हत्यारांची पिशवी माझ्यासमोर आणून ठेवलीत. कारखान्यातनं निवृत्त होऊन तुम्ही भूममध्ये घरांच्या वायरिंगची कामं घ्यायला लागला होता आणि शिडीवर चढताना तुमचे गुडघे कुरकुरायचे. दिलीप शाळेत क्लार्क. वायरचं काम त्यानं कधी शिकून घेतलंच नाही. सून सासऱ्याबरोबर कामावर जाते म्हणून गल्लीत बोललं गेलं. तुम्ही कुणाला उत्तर दिलं नाहीत. उलट कामावर कुणी तुम्हाला काही विचारलं, की "मिस्त्रीणबाईंना विचारा" म्हणून माझ्याकडं बोट दाखवायचात. स्कूटी मी चालवायची आणि मागं तुम्ही मांडीवर वायरचं बंडल घेऊन बसायचं, हे भूमच्या रस्त्यांना पाठ झालं होतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. प्रत्येक घरात मी ट्रिप स्विच बसवायला सांगायची आणि तुमचं तोंड उतरायचं. मी घरमालकाला समजावून सांगायची, की जेवढा करंट आत गेला तेवढाच परत यायला पाहिजे. थोडासा जरी वाटेत पाण्यात, माणसात, भिंतीत झिरपला, तर हा स्विच पापणी लवायच्या आत सगळी लाईट घालवतो आणि माणूस वाचतो. हे सांगत असताना तुम्ही हटकून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात. बाकी सगळं बोर्डाचं काम तुम्ही करायचं आणि तो एक स्विच मी बसवायचा, असं न बोलता ठरून गेलं होतं. मला वाटायचं, जुन्या माणसाची हेकडी आहे. एकदा मी चिडून म्हणाले होते, "अण्णा, फ्यूजच्या तारेचे दिवस गेले, जग पुढं गेलं." तुम्ही नुसतं बघितलंत. ते बघणं आता फार आठवतं. मी ते वाक्य कधीच परत घेतलं नाही.

मग सोनारीचं काम आलं. काकूंच्या मुलानं, नितीननं, पुण्याहून टेम्पोत घालून तो गरम पाण्याचा टब आणला होता. सहा माणसं बसतील एवढा मोठा, आत हीटर, पंप, पाण्याचे फवारे. काकूंचे गुडघे आणि हाताची बोटं संधिवातानं धरलेली. गरम पाण्यात रोज थोडा वेळ बसलं तर बरं वाटेल, असं कुणीतरी नितीनला सांगितलेलं. नवीन घराच्या मागच्या अंगणात त्यानं टबासाठी ओटा बांधून घेतला. टबाबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की याला मीटरपासून स्वतंत्र वायर हवी आणि करंट झिरपला तर लगेच बंद पडणारं वेगळं पॅनल हवं.

तुम्ही नको म्हणालात. "पाणी आन लाईट एका जागी आणायची, त्यात पुन्हा माणूस बसवायचं. हे काम आपलं न्हाय." मी हट्टाला पेटले. आपण सोडलं तर दुसरा कुणीतरी दोन तारा जोडून मोकळा होईल आणि त्यात त्या माउलीला बसवतील, असं म्हणाले. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात. दुसऱ्या दिवशी स्कूटीजवळ पिशवी घेऊन उभे होतात.

ते चार दिवस किती चांगले गेले. मंदिराकडची माकडं कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं येऊन बसायची आणि आपण काय करतो ते बघायची. तुम्ही अर्थिंगचा खड्डा स्वतः मापून घेतलात, कोळसा आणि मिठाचे थर स्वतः भरलेत, खणणाऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाहीत. त्या पॅनलची पेटी कुठं लावायची यावरून आपण वाद घातला. पाण्यात बसलेल्या माणसाचा हात पोचू नये इतकी लांब, पण वेळ आली तर बंद करायला पटकन दिसावी, अशी जागा हवी होती. मी टेप काढला. तुम्ही म्हणालात, टेप राहू दे, आणि चपला काढून कोरड्या टबात जाऊन बसलात. धोतर सावरून, टोपी घालून. हात लांबवलात, वाकलात, गुडघ्यांवर उठून पुन्हा लांबवलात. मी भिंतीवर खडूनं खूण करत होते आणि हसू आवरत नव्हतं. काकू काठी टेकत दारात आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, पाणी भरू का?" तुम्ही टबातनं गंभीरपणे उत्तर दिलंत, "आधी साबण आना." तुमच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिलीच थट्टा.

पेटी लागली. टबापुरता वेगळा एमसीबी आणि त्याच्या पुढं ट्रिप स्विच. तो बसवताना तुम्ही सवयीनं बाजूला गेलात. वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरलं, पंप चालवून बघितला, स्विचचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघितलं. सगळं बरोबर होतं. हीटर तेवढा पाच मिनिटंच चालवला, कारण आपल्याला परत निघायचं होतं. तिथं मी घाई केली.

सकाळी वास्तुशांत होती. पुण्याहून, बार्शीहून नितीनची माणसं आलेली. पूजा झाली की आईला सगळ्यांसमोर टबात बसवायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आपल्यालाही जेवायला बोलावलं होतं. हीटर सुरू केला आणि पाणी तापायला लागलं तसा स्विच पडला. मी वर केला. दहा मिनिटांनी पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. नितीन जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, की आजच्या दिवस तेवढा हा स्विच वगळून जोडता येईल का, सगळी माणसं आलीत, उद्या निवांत बघू.

अण्णा, मी हो म्हणाले. ज्या स्विचसाठी मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, तो काढायला मी तयार झाले. नवीन टबात ओल शिरली असेल, म्हणून उगाच पडत असेल, अर्थिंग तर आपण चांगलं केलंय, दोन तासांचा तर प्रश्न आहे, असं सगळं मी माझं मलाच समजावलं. मेन बंद केला, पेटीचं झाकण उघडलं आणि पहिला स्क्रू सैल केला.

तुम्ही मागं येऊन उभे राहिला होतात. "सविता, पेचकस खाली ठेव," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता, पण अंगणातली माणसं वळून बघायला लागली. मी म्हणाले, "दोनच तास अण्णा, लगेच परत जोडते." तुम्ही मेनच्या फ्यूजचा कटआऊट उपसलात आणि खिशात घातलात. मग नितीनला सांगितलंत, की आज हा हौद सुरू व्हायचा न्हाय, माणसं जेवायला बसवा. आणि मला घेऊन गोठ्याच्या सावलीला गेलात.

तिथं तुम्ही जमिनीवर बसलात आणि माझ्याकडं न बघता सांगायला लागलात. तुम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होता, दिलीप लहान होता. उन्हाळा कडक होता आणि घरात पत्र्याचा कूलर होता. तसले ट्रिप स्विच तेव्हा नवे नवे निघाले होते, तुम्ही हौसेनं एक आणून घरी बसवला. कूलर लावला की तो पडायचा. पोराला झोप लागेना, उकडून अंगावर पुरळ उठलेलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, तुमचा हा स्विच काही कामाचा नाही. तुम्हालाही तसंच वाटलं. तुम्ही तो काढलात आणि तारा सरळ जोडून टाकल्यात. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई कळशीनं कूलरमध्ये पाणी ओतत होत्या. फरशी ओली होती, पाय अनवाणी होते. तुम्ही ड्यूटीवर होता.

"ट्रिप खराब हाय म्हणून काढली म्या," तुम्ही म्हणालात. "खराब कूलर हुता."

भिंतीवरच्या फोटोतल्या सासूबाईंना मी कधी भेटले नाही. त्यांना झटका आला होता, हार्टचा, एवढंच मला या घरात आल्यापासून माहीत होतं. मी तसं काहीतरी पुटपुटले असेन. तुम्ही मान हलवलीत. "लोकं म्हणली, झटका आला. म्या व्हय म्हणलो. झटकाच हुता की. खोटं न्हाय बोललो, पर खरंबी न्हाय सांगितलं."

मी तेव्हा तुमचा हात धरायला पाहिजे होता. सून आहे, सासरा आहे, असले विचार मनात आले आणि मी नुसती पाण्याची बाटली पुढं केली. तुम्ही दोन घोट घेतलेत, टोपीनं तोंड पुसलंत आणि उठून म्हणालात, "चल, हीटर सोडवून बघू."

आपण टबातली एकेक वस्तू वेगळी करत गेलो. पंप वेगळा चालवला, काही झालं नाही. फवारे चालवले, काही झालं नाही. हीटर जोडला आणि तापला, की स्विच पडायचा. तुमच्या पिशवीतल्या मेगरनं, म्हणजे करंट नीट अडवला जातो का ते दाखवणाऱ्या यंत्रानं, गरम हीटर तपासला तेव्हा काटा जवळजवळ शून्यावर आला. हीटरच्या नळीला केसाएवढी चीर होती; गार असताना कळायची नाही, तापली की उघडायची आणि करंट पाण्यात उतरायचा. मी तो काटा बघत राहिले. तुम्ही मेगर माझ्या हातातून काढून घेतलात आणि पिशवीत ठेवलात. "बघ, सांगितलं होतं," एवढं तरी म्हणायला हवं होतंत. तुमचा हक्क होता.

काकूंना तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत, की नवीन हीटर येईपर्यंत थांबावं लागेल. काकू म्हणाल्या, "थांबू की. गुडघं काय आजच दुखायला लागल्यात का." नितीनचा चेहरा मात्र उतरला होता. तुम्ही त्याला हीटरजवळ नेऊन चीर दाखवलीत. तो खाली बसून ती बघत राहिला.

हीटर बदलून आला तेव्हा आपण पुन्हा गेलो. या वेळी पाणी पूर्ण तापेपर्यंत आपण दोघं ओट्यावर बसून राहिलो, चार तास. मग टेस्टचं बटण तुम्ही दाबलंत. पहिल्यांदा तुम्ही त्या स्विचला हात लावलेला मी बघितला. काकू सुनेचा हात धरून पाण्यात उतरल्या, मान मागं टेकवली आणि डोळे मिटले. त्या आत होत्या तेवढा सगळा वेळ तुम्ही पेटीपाशी उभे होतात, एक हात मेनवर ठेवून. बाहेर आल्यावर त्यांनी बोटं उघडून मिटून बघितली आणि म्हणाल्या, "हात माझं वाटायलेत." तुम्ही तोंड फिरवून माकडांकडं बघत राहिलात.

काम संपलं की पेटीच्या दारामागं मार्करनं नाव आणि गाव लिहायची तुमची पद्धत होती. त्या दिवशी मार्कर माझ्याकडं दिलात. मी तुमचं नाव लिहायला लागले तर म्हणालात, "तुझं लिही. काम तुझं हाय." मी लिहिलं, सविता, भूम. अक्षर वाकडं आलं.

परतताना पाथरूडच्या अलीकडं तुम्ही मागून म्हणालात, "दिलीपला सांगू नको. म्या सांगतो एकदा." मी स्कूटी न थांबवता हो म्हणाले.

तो दिवस काही उजाडला नाही. मी वाट बघितली. तुम्ही दोघं एकत्र जेवायला बसलात की मी मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळायची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही दिलीपला बोलावून घ्यायला सांगितलंत तेव्हा मला वाटलं, आता सांगतील. मी चहा आणायच्या निमित्तानं खाली गेले आणि मुद्दाम वेळ लावला. वर आले तर दिलीप तुमचा हात मांडीवर घेऊन नखं कापत होता. तुम्ही डोळे मिटून होता. कुणी काही बोललेलं नव्हतं, हे मला दारातूनच कळलं. बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षांचे काळे डाग होते, ते तो कापसानं पुसत होता.

तुम्ही गेलात आणि तुमचं सांगायचं ते माझ्याजवळ राहिलं. दिलेला शब्द मोडावा का पाळावा, हे मला कळेना. तेराव्यानंतर दुपारी आम्ही दोघं तुमचे कपडे घडी करत होतो. दिलीपनं तुमचा सदरा हातात घेतला आणि सहज म्हणाला, "तुझ्याशी लई बोलायचे अण्णा. माझ्याशी न्हाई बोलले कधी एवढं." मग मला राहवलं नाही. सोनारीच्या गोठ्याच्या सावलीत तुम्ही जे सांगितलंत ते सगळं मी त्याला सांगितलं. तुमच्या शब्दांत सांगितलं. माफ करा.

तो घडी घालत राहिला. सदरा घडी करून झाल्यावर म्हणाला, "मला ठाऊक हाय."

तो कॉलेजला होता तेव्हा कळलं होतं म्हणे. क्वार्टरमधल्या शेजारच्या मावशी एका लग्नात भेटल्या, त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी जाब विचारायचा, असं ठरवून तो तडक घरी आला. तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. दाराकडं पाठ होती, बनियन घामानं भिजलेलं. भाकरी नेहमीसारखी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "आलास का. बस, गरम हाय तवर खा." तो बसला आणि खाल्ली.

मी विचारलं, "मग राग न्हाय आला?"

"आला हुता," दिलीप म्हणाला. "भाकरी खाऊन होईस्तोवर हुता."

अण्णा, त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं. तो तुमच्यावर रागावलेला नव्हता. तुम्हाला त्रास होईल म्हणून तो बोलला नाही, आणि त्याला त्रास होईल म्हणून तुम्ही. मला हे एक महिना आधी कळलं असतं, तर दवाखान्यात त्या खाटेजवळ उभं राहून मीच तुम्हाला सांगितलं असतं. आता इथूनच सांगते.